मास्तरांची पत्ती

रोह्यात वीज गेली की सरूचे सासरे दिनानाथ ओटीवर येऊन बसत आणि पोरं भोवती गोळा होत. नवी सून म्हणून सरू दाराआड, चहाच्या कपबश्या उचलता उचलता ऐके.

"माझा दोस्त गुणाजी. त्याच्या तोंडात घडलेली गोष्ट हाय ही," त्या रात्री सासरे म्हणाले.

"तोंडात?" धाकटी नणंद पुतळी ओरडली. "शी, बाबा!"

"शी तर हायच. ऐक."

अठ्ठ्याऐंशी साल, वैशाख वद्य पंचमी. गुणाजी दुपारी पेणला रामवाडीत गेला, काळुराम मास्तरांचा सॅक्सोफोन आणायला. मास्तरांचं तेरावं आदल्या दिवशीच झालेलं. तरणेपणी मास्तरांनी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवलेला, मग गावी परतून बँड काढला; गुणाजी त्यातच वाजवायचा. क्लॅरिनेट, ट्रंपेट, व्हायोलिन, काहीही हातात द्या. गणपतीत भजन, वरातीत लावणी, आणि लहर लागली की मधेच सूर असा तिरपा सोडत की नवऱ्याचा घोडासुद्धा पाय बदलायचा. गालात मात्र कायम पान-तंबाखू, आणि वरचा पुढचा एक दात पडलेला.

रात्री खांबला वरात होती. ती रंगली तर गुणाजी नवा मास्तर. नाय रंगली, तर बँड मोडला. पोरं दुसरीकडे जायला टपलेलीच.

"वाजा न्या, भावजी," मास्तरांच्या बायको गिरजावैनी म्हणाल्या. "तोंडात धरायची पत्ती तेवढी काढून टाका. वेताची पत्ती ती, तोंडातलं सगळं पिऊन बसते."

"व्हय, वैनी."

पण नवी पत्ती तोंडाला सरावेपर्यंत किंचाळते. कोणाही वाजवणाऱ्याला विचारा. गुणाजीने जुनीच कढत पाण्यात घातली, वर लिंबू चोळलं. बरीच वर्षं एका ताटात जेवलो, आता कसला विटाळ, म्हणाला.

खांबच्या हायवेला वरात लागली. चंद्र अजून उगवायचा होता. गॅसबत्त्या पुढं. गुणाजीने पत्ती ओली करायला जिभेवर धरली... आणि तोंड भरून आलं.

पान. तंबाखू. कोमट.

थुंकायला जागा नव्हती, मागं वऱ्हाडी बायका. त्याने गिळलं.

पत्ती बसवून फुंकलं आणि सूर लागला. जन्मात न जमलेला, मास्तरांचा तो तिरपा सूर. पोरं नाचायला लागली. ढोलवाला शिवा ओरडला, "गुण्या, लेका, मास्तरच उतरले की रं!"

गुणाजीला थांबायचं होतं. ओठ सुटेनात. गालात काहीतरी मऊ हललं. चावलं जात होतं. त्याच्या जबड्याने... पण त्याच्या मर्जीने नाय. पुन्हा गिळलं. पुन्हा भरलं. त्याने जीभ वरच्या दातांवरून फिरवली.

एक दात नव्हता.

त्याचे बत्तीसच्या बत्तीस होते. तरी तिथं खाच. गुळगुळीत. जुनी.

ओटीवर पोरं एकमेकांना चिकटून बसली.

"मग?" पुतळीने हळूच विचारलं.

"वरात दारात पोचली तेव्हा सुटला. रस्त्याच्या मोरीवर बसून ओकला. नुसतं लाल. दात चाचपले, तर सगळे जागच्या जागी. तिथंच पत्ती उपटून खाली पाण्यात टाकली. सगळे गुणाजीमास्तर, गुणाजीमास्तर करीत होते. मीही बँडातच होतो; याने मात्र वाजा माझ्या हातात दिला. म्हणाला, दिन्या, मास्तरकी मिळाली रे, पण दुसऱ्याच्या तोंडाने. मला नको. बँड मोडला. त्याने परत कशाला ओठ लावला नाय."

"आणि वाजा?"

"माळ्यावर पेटीत हाय. बिनपत्तीचा. तेव्हापासून कुणी पेटी उघडलीच नाय."

सकाळी सरू माळा झाडायला चढली. लग्न होऊन आल्यापासून एक गोष्ट तिला कळत नव्हती: घरात कुणी पान खात नाही, मग माळ्यावर तो वास कसला? धुळीच्या थराखालची पेटी तिने उघडली. सॅक्सोफोनला पत्ती नव्हती, सासरे खरंच बोलले होते. तिने तोंडाकडची धूळ बोटाने पुसली.

बोट ओलं झालं. आणि लाल.

ती खाली आली, दोनदा साबण लावून हात धुतले आणि सगळ्यांना चहा केला. स्वतः घेतला नाही.