खिडकीकडची खुर्ची

डॉक्टरला उशीर झाला होता आणि पुस्तकांच्या दुकानाच्या दारात एक देवदूत अडकला होता.

पांढरेशुभ्र पंख, दोन्ही टोकं चौकटीत घट्ट रुतलेली.

"आत जाताय की बाहेर?" तिने विचारलं.

"सध्या… कुठेच नाही."

अडकलेली वस्तू कशी काढायची हे दातांच्या डॉक्टरला शिकवावं लागत नाही. तिने पंख धरले, थोडे डावीकडे हलवले, थोडे उजवीकडे, आणि ओढले! देवदूत सुटला, दोघं पायरीवर आदळली, तिच्या तोंडात पिसं गेली.

"दुखलं?"

"बधिर करायला विसरलात," तो म्हणाला आणि हसला… असा, की तिला पिसं थुंकायचंही भान राहिलं नाही.

"अगं हळू! भाड्याचे पंख आहेत!" आतून दुकानाची मालकीण ओरडली. तो तिचा भाचा. एरवी लिफ्ट दुरुस्त करायचा. आज मावशीने त्याला जाहिरातीला जुंपलं होतं.

जाहिरात होती स्वर्गातून खाली पडलेल्या देवदूतांच्या कादंबरीमालेची. दर शनिवारी वाचक जमायचे आणि एकेका भागावरून भांडायचे. मावशीचा नियम एकच. देवदूताने पंख परत घेऊन उडून जावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी खिडकीकडे बसायचं. त्याने खाली, नायिकेपाशीच राहावं म्हणणाऱ्यांनी कपाटांकडे. मत बदललं की आपली खुर्ची आपणच उचलायची.

डॉक्टर पहिल्यापासून खिडकीकडे.

"हा नुसता गच्चीवर उभा राहून उसासे टाकतो! नोकरी नाही, धंदा नाही. अंघोळ तरी कधी करतो?"

"पावसात भिजतो की सारखा," कपाटांकडून लिफ्टवाला म्हणाला. "आणि तिच्याकडे बघतो कसा, ते वाचलंत?"

"वाचलं. पापणी लवत नाही म्हणे. डोळे तपासून घ्या म्हणावं."

पण हे म्हणताना तिने मान वर केली, तर लिफ्टवाल्याचीही पापणी लवत नव्हती…

तिच्या दवाखान्याची लिफ्ट हल्ली सारखी बिघडायची. तो यायचा, कपाळाला तेलाचं बोट लावून घ्यायचा, लिफ्ट सुरू करायचा. मग खात्री करायला म्हणून दोघं उगाचच वर-खाली, वर-खाली… संध्याकाळचं ऊन जाळीतून तिच्या पांढऱ्या कोटावर सरकत राहायचं.

अशाच एका फेरीत त्याने विचारलं, "डॉक्टर, समजा उंच जायची संधी आली… आणि खाली कुणीतरी असलं… तर?"

तिच्या डोक्यात अजून शनिवारचं भांडण घोळत होतं. "तर जावं! एका मुलीसाठी पंख सोडायचे? शुद्ध वेडेपणा!"

"हं," तो म्हणाला. लिफ्ट थांबली.

शेवटच्या भागाच्या शनिवारी त्याने आपली खुर्ची उचलून खिडकीकडे आणली.

"आलात ना वळणावर!" डॉक्टर खूश.

मावशी तिच्या कानाशी वाकली. "जिंकलीस बाई. लांबच्या शहरात साठ मजली टॉवर होताहेत, तिथली नोकरी धरतोय. आज होकार कळवणार. म्हणाला, डॉक्टरांना विचारूनच ठरवलं."

अरे देवा, ती तर पुस्तकाबद्दल बोलत होती!

ती उठली. खुर्ची उचलली आणि तरातरा कपाटांकडे निघाली. खुर्चीचा पाय भिंतीवर टांगलेल्या पंखांत अडकला, पंख फळीत अडकले, आणि अख्खी कादंबरीमाला, पंख, खुर्ची आणि डॉक्टर एकदमच खाली आले. इतके शनिवार पडलेल्यांवर हळहळणारे वाचक प्रत्यक्ष पडलेलीला उचलायचं विसरून बघत राहिले.

धावला तो फक्त लिफ्टवाला.

"डॉक्टर… मत बदललं?"

"पुस्तकाबद्दल नाही. तो रडका खुशाल उडू दे!"

"मग?"

"तू मला नीट विचारलंच नाहीस. समजा काय, कुणीतरी काय…"

त्या 'तू'ने तो गुडघ्यावरच बसला. "आता नीट विचारू? राहू मी?"

"माझ्याकडे साठ मजले नाहीत. तीनच आहेत," ती म्हणाली. "पण लिफ्ट… फार बिघडते."

"ठाऊक आहे," तिच्या केसांतलं पीस काढत तो हळूच म्हणाला. "मीच बिघडवतो."

देवदूताने शेवटी काय केलं, ते त्या दिवशी कुणी वाचलंच नाही. शेवटचा भाग डॉक्टरच्या खाली दबला होता, आणि तिला उठायची मुळीच घाई नव्हती.