वांग्याच्या जागी घेवडा

मागच्या अंगणात मीटर बघायला आलेला माणूस मीटरकडे बघतच नव्हता. माझ्या वाफ्याशी उकिडवा बसला होता.

“इथं आधी टोमॅटो होते?”

“दोन वर्षं. म्हणून तर यंदा वांगी लावली. पीक बदललं.”

“नाव बदललं,” पान चाचपत तो म्हणाला, “घराणं तेच. टोमॅटोचं दुखणं मातीत राहतं... वांग्याला गाठतं. उपटा सगळी.”

“तुम्ही मीटर बघा,” मी म्हटलं.

तो हसला, आकडा टिपून निघून गेला. त्या हसण्याचा राग आला मला... नुसता रागच आला असता तर बरं.

चौथ्या दिवशी अकराही रोपांनी भर सकाळी माना टाकल्या. दादानं त्याच आठवड्यात बजावलं होतं — दोन महिन्यांत घरची भाजी बागेतून निघाली तर ठीक, नाहीतर फरशी, आणि फरशीवर त्याची गाडी. आईच्या हातची बाग होती ती.

दुपारी मीटरवाला पलीकडच्या गल्लीत दिसला. अभिमान गिळून हाक मारली.

“आता काय लावू?”

“बुटका घेवडा. दीड महिन्यात शेंगा.”

“नाही धरल्या तर?”

“तर फरशी मी बसवून देतो.”

वांगी उपटली, घेवड्याचं बी टोकलं. सात दिवस माती गप्प, मी रोज वाकून बघत होते. तो येता-जाता कुंपणाशी थांबायचा. विचारायचा नाही, आधी वाफ्याकडे बघायचा, मग माझ्याकडे... आठव्या दिवशी माती उकलली. पुढं फुलं आली, पण वरून शेंग एकही दिसेना.

मुदतीच्या सकाळी दादा गवंड्याला घेऊन आला. टेप वाफ्यावरून सरकू लागली. तेवढ्यात वहिनी पानांखाली लपलेल्या शेंगा खुडायला वाकली, अन् उठली ती भरल्या टोपलीनिशी.

“दुपारची भाजी झाली,” ती दादाला म्हणाली. “उद्याचीही लागलीय. गाडी काय शिजवून खायचीय?”

दादानं टेप गुंडाळली.

संध्याकाळी मीटरवाला आला. “शेंगा संपल्या की झाडं बुडाशी कापा, मुळं मातीत राहू द्या. मग पालेभाजी, मग गाजर...” तो अडखळला. “उद्यापासून माझा भाग बदललाय. दुसरा येईल.”

“मला नाही लक्षात राहायचं एवढं,” मी म्हटलं. खोटंच.

“मग दर हंगामाला येऊन सांगेन.”

“आणि मधले दिवस?”

त्यानं पहिल्यांदाच नजर खाली घातली. “मधल्या दिवसांसाठी... तुमच्या दादांना भेटावं म्हणतोय.”

“आतच आहे तो,” मी म्हटलं, आणि फाटकाची कडी काढली.