फिरकीचा तांब्या आणि जीपची काच

मी सांगते आहे ते माझ्या दारात घडलेलं आहे. ऐकीव नाही. माझ्याबरोबर ते माझ्या सासूबाईंनीही ऐकलं होतं. त्या आता नाहीत, म्हणून एकटीच्या शब्दावर सांगते.

साल सत्त्याऐंशी. गाव नेकनूरजवळचं. दिवस आखितीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा.

आणि वेळ रात्रीची नव्हती. भर दुपार होती.

माझे मालक शहादेव आमच्या भागातल्या एका सहकारी संघाच्या जीपवर ड्रायव्हर होते. त्या दुष्काळात संघाकडून गावोगाव चाऱ्याच्या चिठ्ठ्या पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. पहाटे निघायचे, दिवेलागणीला यायचे.

सोबत पितळी फिरकीचा तांब्या. झाकण फिरवून घट्ट बसवायचं, म्हणजे जीप कितीही उडाली तरी थेंब सांडत नसे. त्याची फिरकी जुनी झाली होती. उघडताना आवाज यायचा.

किर्र… किर्र…

त्यांना एक खोड होती. पाणी पिऊन झालं की तांब्यात बोटं बुडवायची आणि दोन-चार थेंब समोरच्या काचेवर उडवायचे. म्हणायचे, "हिलाबी तहान लागती." मी चिडायचे, कारण डाग मलाच काढावे लागत.

आणि रोज घोटभर पाणी उरवून आणायचे. तांब्या माझ्या हातात द्यायचे. "हे तुझं." मी पिईपर्यंत समोरून हलायचे नाहीत.

जीप धुवायला बोअरचं पाणी. आमचं बोअर मचूळ. वाळलं की काचेवर पांढरे ठिपके उठायचे, क्षाराचे. फडक्याने निघत नसत. चिंचेचा कोळ चोळायचा, मग गोड्या पाण्याने धुवायचं, मग जुन्या पेपराने पुसायचं. शेवटचं पाणी गोडंच पाहिजे. मचूळ वापरलं की पुन्हा ठिपके.

त्याच सालच्या गुढीपाडव्यानंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. आदल्या संध्याकाळी उन्हाची तिरीप त्या ठिपक्यांवर पडून त्यांना रस्ता दिसला नव्हता. बैलगाडी थोडक्यात वाचली. रात्रभर माझ्या मनात तेच.

त्या दिवशी त्यांना उशिरा, दहाला निघायचं होतं. सकाळी ते भाकरी खात होते, तेव्हा मी काच घासली. चिंच चोळली. धुवायला गोडं पाणी हवं, आणि घरात गोडं पाणी होतं ते फक्त त्यांच्या तांब्यात.

मी तेच ओतलं.

काच आरशासारखी झाली. नऊला टँकर येतो, तेव्हा भरू, असं म्हणून मी रिकाम्या तांब्याला फिरकी लावली आणि रोजच्या सवयीने सीटखाली ठेवला. मग घागरी घेऊन टँकरच्या ओळीत जाऊन उभी राहिले.

टँकर आला नाही.

परत आले तर दारात जीप नव्हती. सासूबाई म्हणाल्या, संघातून माणूस आला, घाईने बोलावून घेऊन गेला. शहादेव काच बघून लई खूश होता म्हणाल्या. "नवी नवरी दिसायली," म्हणाला.

नांदूरघाटच्या अलीकडे माळावर जीप बंद पडली. त्या उन्हात माणूस नव्हता, झाड नव्हतं. सापडले तेव्हा सीटवरच बसलेले होते. मांडीवर तांब्या. फिरकी उघडलेली.

लोक म्हणाले, पाणी संपलं असंल.

मी गप्प राहिले.

महिना होत आला. जीपवर रामहरी आला होता, यांच्याच हाताखाली शिकलेला. एक दिवस तो दारात येऊन अवघडून उभा राहिला.

"वहिनी, काचेवर डाग उठायलेत. राख लावली, रॉकेल लावलं, निघंनात. तुमच्या हातानं निघत होते म्हून आलो."

मी कोळ घेऊन गेले. बाहेरून घासलं. डाग तसेच. मग लक्षात आलं…

डाग आतून होते.

ड्रायव्हरच्या बाजूने. सात-आठ थेंब, उडवल्यासारखे.

मी आतून घासले. निघाले. दुसऱ्या दिवशी रामहरी परत आला. डाग जिथल्या तिथे. त्याला मी म्हटलं, तू पाणी पिऊन हात झटकत असशील.

तो म्हणाला, "मी तर जीपमदी पाणीच ठिवत न्हाई, वहिनी. हिंमत होत न्हाई."

आखितीला संघ बंद होता. मी रामहरीला म्हटलं, जीप आमच्या दारात लाव, नीट घासते.

आखितीला आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी करा भरतात. मातीचा लहान गडवा, गोडं पाणी, वर आंबा. त्या पाण्याने त्या माणसाची वर्षाची तहान भागते म्हणतात. आदल्या दिवशी टँकरचं एक घागर पाणी मिळालं होतं. सासूबाईंनी करा भरला. उरलेल्यातून मी तांब्या भरला. गळ्यापर्यंत. फिरकी घट्ट लावली, जीपच्या सीटवर ठेवला, आणि काच आतून-बाहेरून लख्ख केली.

सासूबाईंनी पाहिलं. "करा भरलाय की. तांब्या कावून?"

"त्यांना तांब्यातून प्यायची सवय," मी म्हटलं.

आम्ही दोघी उंबऱ्यात बसलो. माझ्या मांडीवर आमचा मुलगा बद्रीनाथ झोपलेला, दोन वर्षांचा. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वारा पडलेला. कुत्रीसुद्धा गप्प.

आणि मग…

किर्र…

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझा हात धरला.

किर्र… किर्र…

"फिरकी उघडायलंय कुणीतरी," त्या हळूच म्हणाल्या.

मग आवाज थांबला. आम्ही उठून जीपपाशी गेलो. दार लावलेलंच होतं.

फिरकी उघडून सीटवर उलटी ठेवलेली. धूळ बसू नये म्हणून ते तशीच ठेवायचे.

काचेवर थेंब होते. ओले. एक थेंब आमच्या डोळ्यांदेखत खाली ओघळला.

आणि तांब्या…

तांब्या गळ्यापर्यंत भरलेला होता. घोटभरही कमी नाही.

सासूबाई तिथेच खाली बसल्या. "पेला न्हाई गं माझा लेक. गाडीला पाजलं आन् सोता पेला न्हाई. कावून पेला न्हाई?"

मला उत्तर माहीत होतं असं वाटलं. त्या दिवशी सांगायला हवं होतं, की त्या सकाळी तांब्या मी रिकामा केला. त्यांनी दोनदा विचारलं. मी बद्रीनाथला कडेवर घेतलं आणि आत गेले.

नंतर अकरा वर्षं त्या जगल्या. दर आखितीला विचारायच्या. मी दर आखितीला गप्प.

संघाची जीप केव्हाच भंगारात गेली. बद्रीनाथ आता गेवराईला असतो, त्याची स्वतःची मोटार आहे. मी त्याच्याकडेच राहते. त्याच्या घरी फिल्टरचं पाणी, तरी आखितीच्या दुपारी मोटारीच्या काचेवर आतून सात-आठ ठिपके उठतात. त्याने डाग काढायची महागाची बाटली आणली. निघाले नाहीत. मला म्हणाला, आई, तुला काढता येतात ना? मी म्हटलं, राहू दे.

करा भरते. तांब्याही भरून मोटारीत ठेवते. दुपारी फिरकी आपसूक उघडते. पाणी तेवढंच राहतं.

इतकी वर्षं मी समजत आले, की माझ्यावरचा राग म्हणून ते पीत नाहीत. यंदा तांब्या उचलताना आठवलं, उरवलेलं पाणी ते कुणासाठी आणायचे.

"हे तुझं."

राग आहे, की वाट बघणं आहे, मला कळत नाही. एक घोट घेतला तर कदाचित कळेल.

यंदाही ते पाणी मी तुळशीला घातलं. प्यायची हिंमत झाली नाही.