टोकापलीकडची हाक

पटो न पटो, घडलंय हे असंच. तुकुम्मेक माझी सख्खी मामेबहीण. उगाच काहीबाही सांगणाऱ्यातली नाही.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. उत्तर ग्रीनलँड. सूर्य मावळतच नव्हता, त्यामुळे अंधारात भास झाला म्हणायचीही सोय नाही.

ती आणि तिचा काका ऊसाकाक सीलच्या शिकारीवर होते. वायरलेसवर निरोप आला... तुकुम्मेकची लेक तापाने फणफणलीय.

घरी यायला दोन वाटा. एक हिमनदीवरून, लांबची पण भरवशाची. दुसरी जवळची, गोठलेल्या समुद्रावरून कांगेकच्या टोकाला वळसा घालून. टोकाखाली प्रवाह जोराचा. तिथला बर्फ ऐन हिवाळ्यातही पातळच.

"टोकावरूनच जाऊ, काका."

"पोर तुझी वाट बघतेय, तुझ्या प्रेताची नाही," काका करवादला. पण स्लेजची कुत्री त्यानेच टोकाकडे वळवली.

टोकाच्या कड्याखाली पोचले आणि धुकं उतरलं. बर्फ कुठे संपतो, आभाळ कुठे लागतं, काही कळेना.

"तू स्लेजपाशी थांब. मी ठोकून बघतो."

लोखंडी टोकाची काठी घेऊन काका धुक्यात शिरला.

ठक... ठक... ठक...

मग आवाज थांबला.

भुंकणारी कुत्रीही एकदम गप्प झाली.

"तुकुम्मेक!" उजवीकडून काकाची हाक आली. "ये गं, पक्का आहे बर्फ!"

एकही कुत्रं उठेना.

"उठा की, मुडद्यांनो!" ती ओरडली.

"ये लवकर... पोर वाट बघतेय..."

ती स्वतःच दोर ओढत उजवीकडे निघाली. दोन पावलं टाकली...

...आणि डावीकडून कुणीतरी तिचा दंड घट्ट धरला.

काका!

"हलू नकोस."

"अरे, तू तर तिकडून..."

"मी तोंडही उघडलेलं नाही."

उजवीकडून पुन्हा हाक आली. काकाच्याच आवाजात. काका समोर उभा, ओठ मिटलेले.

धुकं जरा विरलं. चार हातांवर काळं पाणी होतं.

तिथे कुणीच नव्हतं.

दोघं मागे फिरले, हिमनदीवरून घरी आले. लेकीचा ताप उतरला होता. कॉफी पिताना तुकुम्मेकने विचारलं, "काठी का थांबवलीस, काका?"

त्याने कप खाली ठेवला.

"तू रडत होतीस... पाण्याच्या बाजूने. मी निघालोच होतो. तेवढ्यात मागून तू कुत्र्यांना शिव्या घातल्यास."

आता काका तिच्याकडे आला की बाहेरून हाक मारत नाही. सरळ दार उघडून आत येतो.

आणि बाहेरून त्याच्या आवाजात हाक येते, तेव्हा ती जागची उठत नाही.