पाच पाकळ्यांचं फूल

हे खोटं वाटलं तर खुशाल हसा. फक्त माझ्या मावशीसमोर हसू नका.

मंगळवार होता. भर दुपारचे सव्वादोन. खाली चपलांच्या दुकानात जोरदार घासाघीस चाललेली. भुताबितांनी यायची ही वेळच नव्हे!

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहते. नवी नोकरी लागली आणि मानेवर फूल गोंदवायचं तिच्या डोक्यात बसलं. टॅटूवाल्याच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत ती तासभर फायली चाळत होती.

"ताई, गुलाब घ्या की. सगळे घेतात."

"म्हणूनच नको."

"मग कमळ?"

"मी काय तळं आहे?"

आणि फायलीच्या मागच्या कप्प्यात तिला ते सापडलं...

पातळ कागदावर पेन्सिलीने काढलेलं फूल. चार लांब पाकळ्या एका बाजूला. पाचवी, जाड आणि आखूड, दुसऱ्या बाजूला.

"हेच!"

टॅटूवाला डोळे बारीक करून बघत राहिला. "काढलंय मीच... कुणासाठी ते आठवत नाही."

त्याने त्यावरून निळ्या शाईचा ठसा तयार केला, मानेवर दाबला, कागद सोलला. निळ्या रेषा चपखल बसल्या.

मशीन सुरू झालं. घर्रर्र...

आणि बंद पडलं.

खालची घासाघीसही थांबली.

मग मानेवर काहीतरी गार टेकलं...

"दादा, हात किती गार हो तुमचे!"

"मी हात लावलाच नाहीये, ताई."

समोरच्या आरशात त्याचे दोन्ही हात दिसत होते.

पकड आवळली.

मावशी खुर्चीतून वर उचलली गेली. पाय हवेत. डोकं आरशावर आपटलं. एकदा. दोनदा. काच फुटली, कपाळातून रक्त डोळ्यांत उतरलं. मागे कुणीच नव्हतं. फक्त कानाशी कुणाचा तरी श्वास, आणि पुरुषी आवाज...

"मला सोडून जातेस?"

टॅटूवाला स्पिरिट ओतून रेषा खसाखसा पुसू लागला. पाचवी पाकळी पुसली गेली तेव्हा मावशी धपकन काचांवर पडली.

रेषांच्या जागी आता काळेनिळे वळ होते.

ते बघून टॅटूवाल्याने पेन्सिलीचा कागद त्यांच्याशेजारी धरला.

"आठवलं... एक बाई आली होती. डाग झाकायचा असला की मी कागद अंगावरच ठेवून डागाची कड गिरवतो, मग त्यावर फूल बसवतो. तिच्या गळ्यावर बोटांचे वळ होते. म्हटलं, उतरल्यावर या. म्हणाली, उतरायच्या आत नवे उठतात. म्हणून मी तेच गिरवून घेतले. गुरुवारी यायची होती, आलीच नाही. फोन लावला तर नवरा म्हणाला, पळून गेली. तिचा कागद चुकून या फायलीत राहिला, ताई!"

मावशी रक्ताळलेल्या कपड्यांनिशी थेट पोलीस चौकीत गेली. गप्प बसलो तर आपणही त्या नवऱ्यासारखेच, असं तिला वाटलं.

पोलीसबाईंनी वळ बघितले. "कोणी केलं?"

"माहीत नाही," असं मावशी सांगणार होती.

तोंड उघडलं... आणि एका माणसाचं पूर्ण नाव बाहेर पडलं. मग घराचा पत्ता. मग, "मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीखाली."

मावशीने ते नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पोलिसांनी खणलं.

ती तिथेच होती.

त्या जबाबाची प्रत आमच्या कपाटात आहे. मी स्वतः वाचलीये. नाव मावशीचं, वय मावशीचं, पत्ता आमचा...

खालची सही मात्र मावशीची नाही.