शेवटच्या आकड्याची जागा

पहिली भेट कसली, दिशाच्या कोऱ्या पांढऱ्या कोटावर टपकन पडलेला लाल रंगाचा थेंब! तिनं डोळे वटारून वर पाहिलं. शेजारच्या खताच्या दुकानाची पाटी रंगवणारा शिडीवर जीभ चावून उभा होता.

"चुकलं म्याडम... तुमची पाटी मी रंगवून देतो. मग तर झालं?"

असा हा इंद्रजित, माळेगावचा. हंगाम आला की उसाच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवायचा, आणि अक्षर असं देखणं की बघत राहावं. दोनच दिवसांत इंदापुरातल्या तिच्या गाळ्यावर पाटी झळकली, 'दिशा फिजिओथेरपी क्लिनिक'. खाली 'नोंदणी क्रमांक', आणि पुढं मोकळी जागा.

"नंबर सांगा की."

"आलाच नाही," दिशा म्हणाली. "नंबर देणाऱ्या राज्याच्या मंडळाचीच मुदत संपलीय. सरकार ती वाढवेपर्यंत नव्या नोंदण्या बंद. आणि नंबर नाही तोवर मी पेशंटला हात लावणार नाही."

"मग येतो पुन्यांदा," तो ब्रश पुसत म्हणाला. "जागा ठेवलीय मी..."

आणि आला की! दर सोमवारी, न चुकता.

"नंबर आला?"

"नाही."

"बरं झालं... म्हंजी, वाईट झालं!"

दिशा ओठ दाबून हसायची. कधी तो गरम हुरडा आणायचा, कधी नुसत्याच गप्पा. बाकावर शेजारचे गेणबा आबा गुडघा चोळत बसलेले असायचे. "पोरी, हात लाव की! नंबर काय गुडग्याला चिकटवायचाय व्हय?" दिशा मान हलवायची. तिलाही वाईट वाटायचं, पण नाही म्हणजे नाही.

तिसऱ्या महिन्यात मात्र तिचा धीर सुटला.

"महिनाअखेर नंबर आला नाही, तर गाळा सोडणार. पुण्यात एका कंपनीत टेबलावरची नोकरी आहे."

इंद्रजितच्या हातातला चहा तसाच राहिला. "इतकं शिकून... टेबलावर?" एवढंच म्हणाला. त्या सोमवारी तो लवकर गेला आणि दिशाला दिवसभर करमेना. क्लिनिक सोडायचं दुःख होतंच, पण हे सोमवार सोडायचे? तेही तितकंच जड वाटलं.

महिना संपायला चार दिवस उरले आणि बातमी आली, मंडळाला मुदतवाढ मिळाली! तिसऱ्या दिवशी तिच्या मोबाईलवर नंबर आला. पाच आकडी. तिनं आधी फोन इंद्रजितला लावला, वडिलांना नंतर.

तो धावत आला, रंगवून गेला. संध्याकाळी दिशा कौतुकानं पाटी बघायला बाहेर आली, तर आकडे चारच! पुढं एका आकड्यापुरती जागा मोकळी. अक्षरात कधी न चुकणारा माणूस चुकला?

"अहो, शेवटचा आकडा राहिला," तिनं फोनवर सांगितलं.

"राहिला न्हाय... ठेवलाय. पाटी पुरी झाल्यावर कुठल्या कामानं येऊ मी तुमच्याकडं?"

दिशा पाटीकडं बघत हसली. "अर्धवट नंबर चालत नाही. उद्या सकाळी या."

तो आला, मान खाली घालून. दिशानं त्याच्या हातातला ब्रश घेतला, शिडीवर चढली आणि शेवटचा आकडा स्वतः काढला. चांगला वाकडा आला.

"झालं तुमचं काम," ती खाली उतरत म्हणाली.

"व्हय," त्याचा आवाज पडला. "झालं."

"आता कामाशिवाय येत जा." तिनं ब्रश त्याच्या हातात दिला, पण हात सोडला नाही. "सोमवारीच नाही... रोज. मला आवडता तुम्ही."

इंद्रजित त्या वाकड्या आकड्याकडं पाहून खुळ्यासारखा हसला. "त्यो आकडा मी कंदी नीट करणार न्हाय बघा."

"यील, यील त्यो रोज!" आतून गेणबा आबा ओरडले. "आदी माजा गुडगा बघ!"

दिशा लाजून लाल झाली आणि हसत आत गेली. आबांच्या गुडघ्याला तिनं पहिल्यांदाच हात लावला.