मेव्हण्याचा दोर

"उतरा खाली! आत्ताच्या आत्ता... आणि वरडू नका."

हर्षालीनं हे इतक्या दबक्या आवाजात म्हटलं, की आग्याकड्याला चाळीस फुटांवर चिकटलेल्या त्या गड्याला ऐकू गेलं हेच नवल. त्यानं मान वळवून खाली बघितलं. डोक्यावर हेल्मेट, घामानं भिजलेला चेहरा, आणि वर हसू!

"का? कडा तुमच्या मालकीचा आहे?"

"कडा देवाचा. पण वर ते काळं लोंबतंय ना, ते आग्यांचं हाय."

त्यानं वर पाहिलं. पुढं आलेल्या कातळाच्या पोटाला आग्यामाश्यांची सात-आठ पोळी लटकत होती, एकेक सुपाएवढं. गड्याचं हसू मावळलं आणि तो गुमान उतरू लागला. 'उतर' म्हटल्यावर निमूट उतरणारा पुरुष हर्षालीनं जन्मात पहिल्यांदा बघितला.

उंबरमाळीच्या मागच्या डोंगरात तिची वाडी. मुरबाडहून आलेल्या एका ग्रुपला खिंडीपार पोचवून ती एकटीच परत निघाली होती. डोंगरातल्या वाटा दाखवणं हेच तिचं काम. उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचा कोर्स केलेली वाडीतली ती पहिली पोर, त्यामुळे तोराही जरा वरचाच!

खाली एक जण त्या गड्याचा दोर धरून उभा होता, आणि दुसऱ्या हातानं मोबाइल बघत होता. हर्षालीनं कपाळावर हात मारला.

"हा कोण?"

"मित्र आहे माझा."

"मित्राच्या भरवशावर लटकलात? धन्य हाय तुमची!"

कमरेची गाठ सोडवत तो म्हणाला, "मी किशोर. भातसानगरचा, वडील धरणावर नोकरीला आहेत. आणि मित्रावर नाही, तर भरवसा ठेवायचा कुणावर?"

"मेव्हण्यावर," हर्षाली म्हणाली. "आमच्यात मध काढाया माणूस कड्यावरून खाली उतरतो ना, तवा वर दोर धरतो तो त्याच्या बायकोचा भाऊ. दुसरा कोण नाय. सख्खा भाऊसुद्धा नाय."

"सख्ख्या भावानं काय घोडं मारलं?"

"भावाभावात बांधावरून वाकडं असतं. आणि मित्र... माश्या अंगावर आल्या की कुणीबी पळतो. बायकोचा भाऊ तेवढा पळत नाय. बहिणीचं कुंकू हातात असतं ना त्याच्या!"

किशोर डोळे बारीक करून म्हणाला, "म्हणजे लग्न होईपर्यंत आम्ही चढायचंच नाही?"

"भाऊ असलेली पोरगी बघा की."

"तुम्हाला... भाऊ आहे?"

अगं बाई! हर्षालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हाय. वाशिंदला कंपनीत कामाला. पण तो दोर धरायच्या ऐवजी कापल," असं म्हणून ती जी सटकली... वळून बघायचं नाही असं ठरवून तिनं तीन वेळा वळून बघितलं.

त्यानंतर किशोर दर रविवारी येऊ लागला. निमित्त पक्कं होतं. त्याच्या गिर्यारोहण संस्थेला पोरापोरींना चढाई शिकवायचं शिबिर घ्यायचं होतं, कड्याच्या माश्या नसलेल्या अंगाला. वाडीतल्या चार जणांना काम मिळणार होतं, आणि शिकवायला हर्षाली. आता हे सगळं खरंच. पण एक कडा मोजायला अकरा रविवार लागतात का हो? ते दोघं चढायचे, उतरायचे, कातळाच्या सावलीत बसून तिच्या डब्यातली नाचणीची भाकरी खायचे. सामान देता-घेताना त्याची बोटं तिच्या बोटांवर अर्धा क्षण जास्त रेंगाळायची. तीही हात काढून घ्यायची नाही. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. बोलायचं तेवढं मात्र कुणीच बोललं नाही.

बोललं ते घर. थोरला भाऊ रोशन कंपनीतून आला की भांडं आपटून पाणी प्यायचा.

"तो धरणवाला दर हप्त्याला कड्याला काय चाटाया येतो गो? डोंगर चढणारे डोंगर चढतात नि जातात. मागं राहतो तो बोभाटा."

आई हयात नव्हती. बाबा, म्हणजे जयराम, हा पंचक्रोशीतला जुना मध काढणारा. तो काही बोलायचा नाही, नुसता लेकीकडे बघायचा. ते बघणं हर्षालीला जास्त जड जायचं. कारण रोशनचं म्हणणं तिलाही खोटं वाटत नव्हतं. मे महिन्यात किशोर सहा महिन्यांसाठी हिमालयात चालला होता, मोहिमांवर काम मिळालं होतं. गेलेला माणूस परत येईल? कुणासाठी येईल? तिच्या हातात त्याचा एक शब्दसुद्धा नव्हता.

मार्चातल्या त्या रविवारी तो म्हणाला, "आज तुला एक सांगायचंय."

"मग सांग की."

"इथं नाही... वर. काम झाल्यावर."

दोघं वळसा घालून कड्याच्या माथ्यावर आले. माथ्याच्या कडेला एक जुनं अंजनाचं झाड होतं. त्याला दोर बांधून किशोर थोडा खाली उतरणार होता. शिबिराची वाट पोळ्यांपासून किती लांब ठेवायची, ते बघून वर यायचं. अर्ध्या तासाचं काम. हर्षाली त्याच्या कमरेच्या गाठी तपासायला वाकली, आणि तिला वास आला.

अत्तर!

आग्याकड्याखालून नेताना ती प्रत्येक ग्रुपला बजावायची, की अत्तर नको, सेंट नको, वास आला की माश्या चवताळतात. किशोरला तर तिनं पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. आणि तोच शहाणा आज लावून आला होता. का लावलं ते काय तिला कळत नव्हतं? माझ्यासाठी लावलंय, एवढ्या एका विचारानं पोरगी अशी हुरळली, की ओठावर आलेला नियम तिनं गिळून टाकला. सकाळची थंडी आहे, माश्या सुस्त आहेत, अर्ध्या तासात काय होतंय... मनाला समजवायला काय लागतं!

"वर आलो की सांगतो," तो म्हणाला.

"काय?"

"तेच." आणि तो कड्याच्या कडेखाली दिसेनासा झाला.

दहा मिनिटं गेली. ऊन कड्यावर आलं. खालून येणारी गुणगुण बदलली. आधी वाढली, मग तिचा घोंघाट झाला, आणि त्यातून एकच हाक आली.

"हर्षाली!"

तिनं पोटावर पडून खाली डोकावलं. चाळीस फूट खाली, वीतभर रुंद कंगोऱ्यावर किशोर भिंतीला तोंड लावून उभा होता, दोन्ही हातांनी चेहरा झाकून. त्याची पाठ दिसत नव्हती. पाठीवर नुसत्या माश्या होत्या.

दोर झाडाला पक्का होता, किशोर पडणार नव्हता. पण खाली उतरायला दोर पुरत नव्हता, तो अर्ध्या कड्यावरच संपत होता. वरच यायला हवं होतं, आणि हात सुजलेल्या माणसाला चढता येत नाही. कोर्समध्ये शिकवलेली कप्पी तिनं झाडाला लावली, दोर ओढला. हातभर आला. पुन्हा ओढला. वीतभर आला. मग दोर कातळाच्या धारेवर अडला आणि हलेना. तळवे सोलून निघाले. आणखी अर्धा तास तो तिथं राहिला तर... पुढचं मनात आणायची तिची हिंमत होईना.

"देवा, एक माणूस धाड रे! एकच!"

देवानं दोन धाडले. पोळी मधावर आलीत का बघायला जयराम माथ्यावर येत होता. रोशनला सुट्टी, म्हणून तोही संगती होता. हर्षालीचं रडं ऐकून दोघं धावले. रोशननं एकदा खाली बघितलं आणि शिवी हासडून दोराला हात घातला.

"हात लावू नको! वढता वढता मधीच सोडलास तर खाली आदळंल तो!" जयराम ओरडला.

"बाबा, तो मरंल!" हर्षाली किंचाळली.

"माजा चुलतभाऊ ह्याच कड्यावर गेला, पोरी. दोर लखमानं धरला व्हता, त्याच्या दोस्तानं. माश्या वर आल्या, लखमा पळाला. तो काय वाईट नव्हता गो... पण सगळा जन्म तोंड लपवून जगला. माज्या पोराच्या कपाळी ते नको."

एवढ्यात माश्या कडेवरून वर आल्याच. पहिली रोशनच्या मानेला डसली. रोशन, सहा फुटी गडी, नकळत दोन पावलं मागं सरला. दोर त्याच्या हातातून सुटला. स्वतःच्याच रिकाम्या हाताकडे तो बघत राहिला.

बापानं ते पाहिलं. लेकीनंही पाहिलं. आणि तिच्या लक्षात आलं, की बाबा अडवत नाही, तो खरं तेच बोलतोय. दोर तोच धरेल, ज्याला सोडणं शक्यच नाही.

ती उठून उभी राहिली.

"दादा, धर दोर. तुजा मेव्हणा हाय तो."

रोशननं मानेवरची माशी झटकली.

"कधीपास्नं?" रोशननं विचारलं.

"आत्तापास्नं."

"त्याला ठावं हाय?" हे जयरामनं विचारलं.

हर्षालीनं ओठ चावला. "...नाय."

धन्य ती पोरगी! जयराम कडेला जाऊन पालथा झाला आणि तोंडाभोवती हात धरून म्हणाला, "ए पोरा! ऐकतोस का? माज्या लेकीशी लगीन करशील? तोंड उघडू नको, माश्या जातील आत. होय आसल, तर तीनदा दोर वढ."

दोर हर्षालीच्या सोललेल्या तळव्यांत होता. तिनं तो ताणून धरला.

काही नाही.

शुद्ध हरपली का? की... नको आहे त्याला? वर येऊन सांगायचं होतं ते भलतंच काही असलं तर? त्या दोन क्षणांत तिनं सगळे देव पाण्यात ठेवले. नको म्हण रे बाबा, हजारदा नको म्हण, पण जिवंत राहा!

दोर हलला. एकदा. थांबला... दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग चौथ्यांदा, पाचव्यांदा, सहाव्यांदा!

"तीनदाच सांगितलं व्हतं," जयराम पुटपुटला आणि धोतर खोचत उठला. "बाकीचा घोळ खाली घरी बघू. जात, मानपान, त्याची आई... वढ रे रोशन, तुज्या बहिणीचा नवरा हाय!"

रोशननं दोराचा वेढा मनगटाला मारला आणि टाच कातळात रोवली. जयरामनं गवत आणि ओला पाला पेटवून धूर केला. बहीण-भाऊ ओढत राहिले. माश्या रोशनच्या मानेवर बसल्या, कानावर बसल्या, एक पापणीवर. तो कण्हत होता, आईची आठवण काढत होता, पण त्याची पावलं जागची हलली नाहीत. वीत वीत करत हेल्मेट कडेवर आलं, मग खांदे, आणि हर्षालीनं कॉलर धरून किशोरला आत खेचलं. ओढत, फरफटत तिघांनी त्याला धुरापलीकडे करवंदीच्या जाळीआड नेलं.

काही वेळानं माश्या परतल्या. जयराम शहापूरच्या दवाखान्यात न्यायला जीप बोलवायला वाडीकडे पळाला. हर्षाली किशोरचं डोकं मांडीवर घेऊन नखानं एकेक काटा काढत होती. एक डोळा बंद, ओठ भज्यासारखा फुगलेला... असला नवरदेव कुणी बघितला नसेल!

"हर्षाली..." तो बोबड्या बोलीत म्हणाला. "मला वर काढायचं म्हणून म्हणालीस तू. कळतं मला. तू... बांधलेली नाहीस."

"ए!" रोशन उसळला. "काय बोलतो हा?"

"तिला विचारतोय मी, दादा. आता घाई नाही, कुणी मरत नाही. आता सांगू दे तिला."

हर्षालीचा हात थांबला. आता दोर नव्हता, बाबा नव्हता, माश्या नव्हत्या. पळवाट होती, चांगली मोकळी. आणि भीती मघापेक्षा जास्त वाटत होती.

"अत्तराचा वास मला सकाळीच आला व्हता," ती म्हणाली. "तुला थांबवायला पायजे व्हतं. बोलले नाय मी. माज्यापायी झालं हे."

"लावलं मी आणि चूक तुझी?"

"ऐक तर! आवडला मला वास, म्हणून बोलले नाय. तू आवडतोस, किशोर. पहिल्या दिवशी उतर म्हटल्यावर उतरलास ना, तवापास्नं. मे मध्ये तू जा खुशाल. पुढचा कोर्स माजा पण बाकी हाय, मी बी येते हिमालयात. पण लगीन करून जायचं." तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या सुजलेल्या गालावर पडलं. "बस, सांगितलं. आता तुजं काय ते सांग."

"माझं..." त्यानं हसायचा प्रयत्न केला, ओठ हलला नाही. "माझं सहा वेळा सांगून झालंय."

अर्ध्या तासानं ते उतरू लागले. किशोरचा हात हर्षालीच्या खांद्यावर, पाऊल जपून. मागून रोशन येत होता, एक कान पार सुजलेला. किशोरच्या कमरेचा दोर अजून त्याच्या मनगटाला वेढलेला होता.

"दादा, सपाटी आली," हर्षाली मागं वळून म्हणाली. "सोड की आता."

"तू पुढं बघून चाल," रोशन म्हणाला, आणि त्यानं दोराला आणखी एक वेढा मारला.